नागपूरच्या आसपास उपग्रह-संवेदकाचे अंशांकन तपासता येईल अशी जागा आहे का?

प्रश्न : काटोल_नाका

नमस्कार. मी नागपुरात भूमाहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प काटोल व कळमेश्वर तालुक्यांतील संत्र्याच्या बागांवर आहे. २०१९ पासूनची सेंटिनेल-२ आणि लँडसॅट-८ या उपग्रहांची चित्रे घेऊन प्रत्येक बागेचा एनडीव्हीआय (लाल आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) काढायचा, आणि ताणाच्या (बागेचे पाणी तोडण्याच्या) काळात त्यात होणाऱ्या घसरणीवरून आंबिया बहाराच्या व मृग बहाराच्या बागा वेगळ्या ओळखता येतात का ते पाहायचे, असा बेत आहे.

अडचण अशी आहे की, २०२२ च्या जानेवारीअखेरपर्यंत दोन्ही उपग्रहांचे आलेख एकमेकांना धरून चालतात आणि त्यानंतर सेंटिनेलचा आलेख एकदम खाली बसतो. दाट बागेत जिथे आधी ०.७ च्या आसपास किंमत येत होती, तिथे ०.५ सुद्धा येत नाही. लँडसॅटमध्ये मात्र तसे काहीच दिसत नाही. सुरुवातीला मला तो आंबिया बहाराच्या ताणाचा परिणाम वाटला, परंतु ज्यांची बाग आहे त्या काकांनी "ताण तोडून पंधरा दिवस झाले, झाड फुलावर आहे, पाने गळाली कुठे?" असे विचारून मला निरुत्तर केले. शिवाय ही घसरण पुढच्या पावसाळ्यातही भरून निघत नाही.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, अवकाशात गेलेल्या संवेदकाची संवेदनक्षमता कालांतराने घटते, म्हणून आपण जमिनीवरच्या एखाद्या ठरावीक जागेचे परावर्तन स्वतः मोजावे आणि उपग्रहाने दिलेल्या किमतीशी ताडून पाहावे, म्हणजेच संवेदकाचे अंशांकन तपासावे. कोराडी-खापरखेडा भागातील राखेच्या साठ्यांचे कोरडे भाग चित्रात बऱ्यापैकी उजळ आणि सपाट दिसतात. अशी जागा यासाठी चालेल का? विभागात एक स्पेक्ट्रोरेडिओमीटर (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारे उपकरण) आहे. की या कामासाठी वाळवंटातच जावे लागते?

उत्तर : जुना_मोजणीदार

राखेच्या साठ्यावर जाण्यापूर्वी थोडे गणित कागदावर करून पाहावे, कारण आपण वर्णन केलेली घसरण संवेदकाच्या झिजेची वाटत नाही.

समजा, एका बागेवर लाल पट्ट्यात ६०० आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात ३५०० अशी किंमत येते. एनडीव्हीआय, म्हणजे दोहोंची वजाबाकी भागिले दोहोंची बेरीज, होतो ०.७१. आता संवेदक झिजला म्हणजे काय होते? पट्ट्याची किंमत एखाद्या गुणकाने कमी होते. दोन्ही पट्टे सारखेच झिजले, तर गुणोत्तरात तो गुणक कटून जातो आणि एनडीव्हीआय तसाच राहतो. एकटा अवरक्त पट्टा ३ टक्क्यांनी चुकला, तरी फरक पडतो तो ०.०१ च्याही आतला. आपल्याला मिळणारी ०.४८ ही किंमत झिजेने यायची असेल, तर अवरक्त पट्ट्याने २०२२ च्या जानेवारीत एका रात्रीत आपली निम्म्याहून अधिक संवेदनक्षमता गमावलेली असायला हवी. सेंटिनेल-२ साठी परावर्तनातील चूक ५ टक्क्यांच्या आत राहावी अशी अट आहे आणि ती ३ टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट आहे. निम्मा पट्टा गेला असता, तर त्याची वार्ता आपल्याला संत्र्याच्या बागेतून लागली नसती.

आता गुणाकाराऐवजी बेरीज करून पाहा. दोन्ही किमतींत १००० मिळवा. १६०० आणि ४५०० मिळून एनडीव्हीआय येतो ०.४८. आपला आकडा हाच आहे.

कारण असे : २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली आणि तिच्यात प्रत्येक पिक्सेलच्या किमतीत १००० मिळवून साठवण्याची पद्धत आली. अतिशय काळ्या पृष्ठभागांवर, विशेषतः पाण्यावर आणि सावलीत, गोंगाटामुळे काही किमती शून्याच्या खाली जातात; पूर्वी त्या कापल्या जात असत, त्या जपाव्यात हा उद्देश. त्यामुळे नव्या फाइलींसाठी परावर्तन काढताना किमतीतून आधी १००० वजा करून मग १०,००० ने भागावे लागते. (लँडसॅटच्या कलेक्शन-२ या संचामध्येही पृष्ठभागाच्या परावर्तनासाठी किमतीला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावे लागते. ते आपण करीतच असणार, म्हणून तो आलेख नीट आला.) येथे एक सावधगिरी सांगतो. फाइल कोणत्या तारखेच्या चित्राची आहे यावरून निर्णय करू नये, कारण जुनी चित्रेही नंतर पुन्हा प्रक्रिया करून नव्या पद्धतीने उपलब्ध करून दिली गेली आहेत. फाइलीच्या नावात 'एन' या अक्षरापुढे येणारा चार अंकी आवृत्ती क्रमांक पाहावा, किंवा सोबतच्या माहितीपत्रातील ऑफसेट (किमतीत मिळवलेला आकडा) वाचावा. गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांच्या सेवेवर 'हार्मोनाइझ्ड' असे नाव असलेला संच वापरला, तर ही वजाबाकी आधीच झालेली असते आणि ती पुन्हा केल्यास उलटी चूक होते.

खात्री करून घ्यायची असेल तर घरबसल्या होते. स्वच्छ, उघड्या पाण्यावर लघुतरंग अवरक्त पट्ट्यात परावर्तन जवळजवळ शून्य असते. तोतलाडोहच्या जलाशयाच्या मध्यावरचे काही पिक्सेल घ्या आणि अकराव्या पट्ट्याची जुनी व नवी किंमत पाहा. अंबाझरी जवळ आहे, परंतु तिथे जलपर्णी पसरलेली असेल तर पाणी समजून आपण झाडेच मोजाल.

काटोल_नाका

मनःपूर्वक आभार, सर. तोतलाडोहवर पाहिले. जुन्या फाइलींत अकराव्या पट्ट्याची किंमत शंभराच्या आसपास येते आणि नव्यांत एक हजाराच्या थोडी वर. वजाबाकी केल्यावर बागांचे आलेख पुन्हा जुळले, म्हणजे आठवडाभर मी संत्र्याच्या झाडांवर विनाकारण संशय घेतला.

तरीही दोन उपग्रहांत ०.०२ ते ०.०४ इतका फरक उरतोच, आणि तो सगळ्या बागांत एकाच दिशेने आहे. मार्गदर्शक म्हणतात की, निदान या उरलेल्या फरकासाठी तरी जमिनीवर मोजमाप घ्यावे. म्हणून मूळ प्रश्न कायम आहे : जागा कशी निवडतात, आणि नागपुरात ती का असू नये?

उत्तर : रणातली_पावले

मी अनेक वर्षे क्षेत्रीय मोजणीच्या पथकांत साहाय्यक म्हणून काम केले आहे, त्यामुळे जागेविषयी जे पायांना ठाऊक आहे ते लिहितो.

पद्धत सांगायला सोपी आहे. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळेस जमिनीचे परावर्तन मोजायचे, त्याच वेळेस हवेतील धूलिकण, बाष्प आणि ओझोन किती आहेत ते ठरवायचे, ही सर्व माहिती सिक्स-एस किंवा मॉडट्रॅनसारख्या प्रारण-संक्रमणाच्या संगणकीय प्रारूपात घालायची, आणि वातावरणाच्या माथ्यावर संवेदकाला किती प्रकाश मिळायला हवा होता ते काढायचे. संवेदकाने प्रत्यक्षात नोंदवलेली किंमत आणि ही काढलेली किंमत यांचे गुणोत्तर म्हणजे आपले अंशांकन. अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाच्या गटाने १९८० च्या दशकात न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे लँडसॅटसाठी ही पद्धत बसवली.

आता यात चूक कुठून शिरते ते पाहिले की जागा कशी हवी ते आपोआप कळते. जमीन काळी असेल तर उपग्रहाला मिळणाऱ्या प्रकाशात जमिनीचा वाटा कमी आणि हवेचा जास्त असतो. आपली काळी कापसाची जमीन निळ्या पट्ट्यात पाहिली तर आपण मुख्यतः नागपूरची हवाच मोजत असतो. म्हणून जागा उजळ हवी, साधारणतः ०.३ च्या वर परावर्तन असलेली. हवा जितकी पातळ आणि निर्मळ तितके बरे, म्हणून उंच, कोरडा, शहरापासून दूरचा प्रदेश बरा. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील रेलरोड व्हॅली हे कोरडे तळे १४०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. भोवती हिरवळ असेल तर तिचा प्रकाश हवेतून विखरून आपल्या पिक्सेलमध्ये येतो, म्हणून भोवतालही तसाच हवा. आणि जागा मोठी हवी. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ या कॅमेऱ्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा आहे. तीन गुणिले तीन पिक्सेल आणि कडेला स्थाननिश्चितीच्या चुकीसाठी मोकळी पट्टी धरली, तर शंभर-सव्वाशे मीटरचा एकसारखा तुकडा लागतो. त्याच्याच अविफ्स या कॅमेऱ्याच्या ५६ मीटरच्या पिक्सेलसाठी तोच हिशेब तीनशे मीटरच्या आसपास जातो. कस्तुरचंद पार्कचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाकावा. तिथे आज मैदान आणि उद्या मंडप असतो.

राखेच्या साठ्याचे म्हणाल, तर तो उजळ दिसतो हे खरे, पण राख पाण्याबरोबर वाहून येते आणि जिथे पाण्याची धार वळते तिथली ओल बदलते. ओली राख आणि वाळलेली राख यांच्या परावर्तनात मोठा फरक असतो, आणि वरचा पापुद्रा वाळलेला असला तरी खाली ओल असू शकते. पुन्हा वर हवेत त्याच वीज केंद्रांच्या धुराड्यांतून निघणारे कण असतात, आणि ते दर तासाला सारखे नसतात. ज्या दोन गोष्टी स्थिर हव्यात त्या दोन्ही तिथे अस्थिर आहेत. परवानगीचा आणि पाय रुतण्याचा मुद्दा वेगळाच.

आपल्या देशात या कामासाठी कच्छच्या रणाचा उपयोग केला जातो. पावसाळ्यात ते पाण्याखाली असते, हिवाळ्याकडे कोरडे पडत जाते आणि मिठाचा थर उघडा होतो. समुद्राचा रंग मोजणाऱ्या संवेदकांसाठी मात्र उजळ जमीन निरुपयोगी आहे. ओशनसॅटसाठी लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळच्या समुद्रात मोजमाप केले जाते, कारण तिथे पाणी निवळ आहे आणि किनाऱ्याचा गाळ पोहोचत नाही.

रणातला एक प्रसंग सांगतो. एका मोहिमेत आम्ही सूर्याकडे रोखून वातावरणाची प्रकाशीय जाडी मोजणारे हातातले उपकरण एका संस्थेकडून उसने आणले होते. सकाळपासून आकाश स्वच्छ निळे, पण आकडे मात्र धुळीचे वादळ असावे असे. उपग्रह निघून गेल्यावर लक्षात आले की उपकरणाचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले होते, आणि त्याला वेळ हवी होती ती ग्रीनिचची. ते उपकरण वेळ आणि स्थान यांवरून सूर्याची उंची काढते, आणि त्यावरून प्रकाशाने हवेतून किती वाट कापली ते ठरवते. साडेपाच तासांच्या फरकाने त्याचा सूर्यच भलतीकडे होता. मूळ विद्युतदाबाच्या नोंदी शिल्लक होत्या म्हणून घरी येऊन पुन्हा हिशेब करता आला. जमिनीवर उन्हात तीन तास वाकून घेतलेली मोजमापे एका घड्याळामुळे वाया जाणार होती.

उत्तर : सीताबर्डी_०७

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु जागा उजळ, उंच आणि वाळवंटीच हवी हे जरा ताणलेले वाटते. फ्रान्समधील ला क्रो हे ठिकाण पाहा. ते समुद्रसपाटीपासून थोडक्याच उंचीवर असलेले गोट्यांचे माळरान आहे, त्यात विरळ गवत उगवते आणि ऋतूप्रमाणे वाळते, तरीही फ्रेंच अवकाश संस्था तिथे कित्येक दशके अंशांकन करीत आली आहे. माळ बदलतो, पण १० मीटर उंच खांबावर बसवलेले स्वयंचलित उपकरण जमीन आणि आकाश दोन्ही सतत मोजत राहते, म्हणून तो बदलही नोंदीत येतो. जागेचे परावर्तन बदलणे हा दोष तेव्हाच ठरतो, जेव्हा ते बदलताना पाहणारे कोणी नसते.

याच्या अगदी उलट टोकाला सहारातील लिबिया-४ सारखी वाळूची क्षेत्रे आहेत. तिथे कोणी उपकरण घेऊन उभे नसते. वाळूचे डोंगर वर्षानुवर्षे इतके सारखे राहतात की संवेदकाची किंमत हळूहळू सरकू लागली तर ते कळते. मात्र मुळात किंमत बरोबर होती का, हे एकटी वाळू सांगू शकत नाही. आपल्या मार्गदर्शकांना झीज तपासायची आहे की निरपेक्ष किंमत, हे त्यांना आधी विचारावे, कारण दोन्हींसाठी लागणारी जागा एक नाही.

आणि झीज किंवा निरपेक्ष किंमत तपासायला नागपूर सोडण्याची गरजही नाही. रॅडकॅलनेट नावाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सुरुवातीला चार ठिकाणे होती : रेलरोड व्हॅली, ला क्रो, नामिबियातील गोबाबेब आणि चीनमधील बाओटौ. स्थानिक वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ या काळात दर ३० मिनिटांनी, १० नॅनोमीटरच्या अंतराने, वातावरणाच्या माथ्यावरचे परावर्तन तिथून मिळते, आणि २०१८ पासून नोंदणी केलेल्या कोणालाही ते विनामूल्य घेता येते. गोबाबेबची नोंद ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची आहे, म्हणजे सेंटिनेलच्या १० मीटरच्या पिक्सेलला पुरेशी. सेंटिनेलच्या प्रत्येक पट्ट्याच्या प्रतिसाद-वक्राने (कोणत्या तरंगलांबीला तो पट्टा किती प्रतिसाद देतो त्या आलेखाने) ती नोंद भारित करून सरासरी काढावी आणि त्या दिवसाच्या चित्राशी तुलना करावी. मात्र त्यासाठी वातावरणीय दुरुस्ती न केलेली पातळी-१सी ची चित्रे घ्यावीत.

उरलेल्या ०.०२ ते ०.०४ विषयी : आपण सेंटिनेलचा आठवा पट्टा वापरता की ८अ? आठव्याचा मध्य ८४२ नॅनोमीटरवर असून तो शंभरावर नॅनोमीटर रुंद आहे. ८अ चा मध्य ८६५ वर असून तो अरुंद आहे. लँडसॅट-८ चा पाचवा पट्टा ८अ च्या जवळचा आहे. दोघांचे अंशांकन अगदी बिनचूक असले, तरी वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिलेली बाग वेगवेगळीच दिसणार.

काटोल_नाका

मी आठवा पट्टा वापरत होते, कारण तो १० मीटरचा आहे आणि ८अ हा २० मीटरचा. बागांत झाडांचे अंतर ६ बाय ६ मीटर आहे, म्हणून लहान पिक्सेल बरा वाटला.

एक शेवटचा प्रश्न. विभागातील स्पेक्ट्रोरेडिओमीटर आणि सनफोटोमीटर (सूर्याकडे रोखून हवेची प्रकाशीय जाडी मोजणारे उपकरण) मिळत असतील, तर नागपुरात त्यांचा काहीच उपयोग नाही का? मार्गदर्शकांनी अहवालात क्षेत्रीय काम असावे असा आग्रह धरला आहे.

उत्तर : रणातली_पावले

उपयोग आहे, पण त्या कामाला वेगळे नाव द्यावे. संवेदकाचे अंशांकन करण्याऐवजी, वातावरणीय दुरुस्तीनंतर मिळालेले पृष्ठभागाचे परावर्तन आपल्या भागात कितपत बरोबर येते याची पडताळणी करावी. त्यासाठी जागा परिपूर्ण नसली तरी चालते. तिच्यातील चूक किती आहे हे सांगता आले पाहिजे. ला क्रोचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त तिथे खांब कायम उभा असतो आणि आपल्याकडे दोन विद्यार्थी दोन दिवस उभे राहणार आहेत.

संत्र्याची बाग स्वतः यासाठी घेऊ नये. ६ बाय ६ च्या लागवडीत १० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये तीन झाडेही पूर्ण बसत नाहीत, उरलेली जागा मातीची आणि सावलीची असते, आणि कमरेच्या उंचीवरून मोजलेले पान म्हणजे पिक्सेल नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये, हरभरा किंवा गहू निघाल्यानंतर, नांगरलेले व न नांगरलेले तुकडे एकत्र नसलेले, पाळी देऊन सपाट केलेले मोठे रान शोधावे. काळी माती भेगाळायला लागली की भेगांच्या सावल्या मोजमापात येतात, म्हणून भेगा रुंद होण्याआधी जावे. अवकाळी पाऊस झाला असेल तर आठवडाभर थांबावे. काळ्या रानाबरोबर एक उजळ जागाही घ्यावी, मुरमाचे मोठे पटांगण असले तरी पुरे. केवळ एका जागेवरून गुणकाची चूक आणि बेरजेची चूक वेगळी करता येत नाही. काळी आणि उजळ अशा दोन जागा असतील तर दोन बिंदूंतून रेषा निघते आणि ती शून्यातून जाते की नाही ते दिसते. आपल्या १००० च्या ऑफसेटचा प्रकार अशा रेषेवर पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

सेंटिनेल-२ नागपूरवरून साधारण साडेदहा ते अकराच्या दरम्यान जातो. त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास, शेताच्या तिरक्या रेषांवरून चालत मोजमापे घ्यावीत. उभे राहून एकाच ठिकाणची पन्नास घेण्यात अर्थ नाही. दर काही मिनिटांनी पांढऱ्या संदर्भ-फलकाचे वाचन घ्यावे. फलकाला बोट लावू नये आणि तो उन्हात उघडा ठेवून चहाला जाऊ नये, कारण विदर्भातल्या मार्चच्या वाऱ्यात त्यावर काळ्या मातीचा थर बसायला वेळ लागत नाही, आणि मळलेला फलक प्रत्येक आकडा एकाच दिशेने, न सांगता वाढवतो. कपडे गडद रंगाचे घालावेत, सावली फलकावर किंवा मोजणीच्या तुकड्यावर पडणार नाही अशा बाजूने उभे राहावे.

लँडसॅट आणि सेंटिनेल एकाच दिवशी नागपूरवरून जातील अशा तारखा आधी काढून ठेवाव्यात. त्या थोड्या असतात आणि त्यांतल्या काही ढगांत जातात, म्हणून राखीव दिवस धरूनच वाहन सांगावे.